राखणदाराच्या पानाची मागची बाजू

मंडळी, जरा पुढे सरकून बसा. मागच्या खुर्च्यांपर्यंत माझा आवाज पोचायचा नाही. पस्तीस वर्षं वर्गात ओरडून शिकवलं, तो आवाज शाळेतच राहिला. जो थोडा उरला होता, तो आज या हॉलचा जिना चढून वर आलो आणि शरयूचा हार घातलेला फोटो दिसला, तेव्हा संपला. सांभाळून घ्या.

मी शरयूचा मास्तर. सातवीत ती माझ्या वर्गात होती. अशा सभेत विद्यार्थ्याने मास्तरांबद्दल बोलायचं असतं. इथे उलटं झालंय. ऐंशीला टेकलेला मी इकडे उभा, आणि एकसष्टीची ती तिकडे चौकटीत. अशा वेळी काय बोलावं हे कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हतं.

पण बोलणार आहे. आणि शक्यतो रडणार नाही. मला आज अभिमान सांगायचाय, आणि रडत सांगितलेला अभिमान लोकांना खरा वाटत नाही.

इथे माधवगंजातले तिचे शेजारी बसलेत. वीज कार्यालयातले सोबती बसलेत, जिथे तीस वर्षं ती तक्रारीच्या खिडकीवर होती. आणि आम्ही काही जण आहोत, जे दर रविवारी दुपारी तीन वाजता तिच्या जेवणाच्या टेबलाशी जमायचो. शेजाऱ्यांना वाटायचं, पत्ते चालतात. कुणाला वाटायचं, भिशी. एकदा खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तिला जिन्यात गाठलं, "शरयूताई, दर इतवारी कसलं अनुष्ठान असतं हो तुमच्याकडे? वरून घोड्यांचे आवाज येतात."

घोड्यांचे आवाज मी काढायचो.

तर आधी ते सांगतो. हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आहे. तिची लेक मुक्ता कॉलेजात असताना तो घरी घेऊन आली. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. त्या पात्राचं एक पान असतं. त्यावर नाव, गाव, स्वभाव, आणि एक खास शक्ती. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगतो. समोर नदी आहे, पूल तुटलाय, बोला, काय करता? आपण सांगायचं. ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. मुक्ताच्या मैत्रिणी नोकऱ्या लागून पांगल्या, मुक्ता सिटी सेंटरच्या ऑफिसात अडकली, खेळ कपाटात गेला. निवृत्त झाल्यावर शरयूने तो बाहेर काढला. नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक एकदा वाचून बाजूला ठेवलं, दोनशे पानी वही घेतली आणि स्वतःचे नियम मराठीत लिहून काढले. मग मला फोन.

"सर, रविवारी या. तुम्हाला शाहीर व्हायचंय."

मी म्हटलं, "शरयू, माझं वय काय?"

"शाहिराचं पंचवीस आहे," ती म्हणाली. "तुमचं कोण विचारतंय?"

गेलो. तीन वर्षं जात राहिलो.

टेबलाशी आम्ही चौघं. बिड़ला नगरचे तिवारीजी, मिलमधले जुने कारागीर. ते धनुर्धर. त्यांची शक्ती अशी, की त्यांचा नेम कधीही चुकत नाही. कुंटेवहिनी जोगीण. त्यांच्या सावलीत आलेल्या जिवाला कुणी इजा करू शकत नाही. मुक्ता, रविवारपुरती मोकळी, राखणदार. तिचं पुढे सांगतो. आणि मी शाहीर. माझं कवन जो कुणी पूर्ण ऐकेल, त्याला माझी एक विनंती नाकारता येत नाही. आयुष्यभर मुलांना कविता पाठ करायला लावल्या, आणि मुलं खिडकीबाहेर बघत राहिली. मला दुसरी कुठली शक्ती सुचणार?

आता गंमत बघा. चार माणसं, चार शक्ती, आणि प्रत्येक शक्तीत एक 'कधीही' नाहीतर 'कुणी' बसलेला. भांडण होणार नाही तर काय होणार?

पहिलं भांडण हरणावरून झालं. तिवारीजींनी हरणावर तीर सोडला. त्याच क्षणी कुंटेवहिनींनी जाहीर केलं, हरीण माझ्या सावलीत आलंय. झालं! तिवारीजी उठून उभे. "बहनजी, मेरा तीर चूकता नहीं, ये पन्ने पर लिखा है!" वहिनी बसल्या जागेवरून, "आणि माझ्या सावलीत इजा होत नाही, हेही पानावरच लिहिलंय. चष्मा पुसा." चिवड्याची बशी मधे आली म्हणून बरं.

शरयूने वहीत बघितलं. तिच्या वहीत अशा तंट्यांसाठी दोन नियम होते. पहिला, नेमकं आणि मोघम भांडले तर नेमकं जिंकतं. दुसरा, 'होतं' आणि 'होत नाही' भांडले तर 'होत नाही' जिंकतं. यातल्या दुसऱ्या नियमावर बोट ठेवून तिवारीजींचा तीर तिला सहज पाडता आला असता. कुणी बोललं नसतं. तीस वर्षं खिडकीवर बसलेली बाई, नियम दाखवून माणूस परत पाठवणं तिला काय कठीण होतं?

तिने वही मिटली. म्हणाली, "तिवारीजी, तुमचा नेम चुकला नाही. तीर बरोबर हरणालाच लागला. शिंगात. वहिनी, तुमच्या सावलीत इजा झाली नाही. हरीण शिंगात तीर घेऊन पळालं. आता या जंगलात जो कुणी त्याला बघेल, तो दोन गोष्टी ओळखेल. इथे एक अचूक धनुर्धर आहे, आणि इथे एक जोगीण आहे."

तिवारीजी खाली बसले. मग हळूच म्हणाले, "मास्साब, मिल में ऐसा एक आदमी होता ना हमारे पास…" आणि चिवड्याची बशी वहिनींकडे सरकवली.

मंडळी, त्या दुपारी मला ती ओळखू आली. म्हणजे ओळखत होतोच. पण सातवीतली ती पोर मला पुन्हा दिसली.

सांगू का तो किस्सा? सांगतोच. मी वर्गात एक कविता शिकवत होतो. पहिल्या कडव्यात नदी डोंगरावरून निघते आणि समुद्राला मिळते. दुसऱ्या कडव्यात ती पुन्हा डोंगरावर खेळतेय. चाल सुंदर, यमकं सुंदर, मी डोळे मिटून म्हणत होतो. मधल्या बाकावरून हात वर. "सर, समुद्राला मिळालेली नदी परत डोंगरावर कशी?" वर्ग हसला. मला राग आला. कवितेत असे प्रश्न विचारायचे नसतात, असं म्हणून मी तिला उभं केलं. तास संपेपर्यंत उभं केलं. हो. मी.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. म्हणाली, "सर, मधलं कडवं राहिलंय बहुतेक. मी लिहून आणलंय." चार ओळी होत्या. समुद्राची वाफ होते, वाफेचा ढग होतो, ढग डोंगरावर जातो. मात्रा चुकल्या होत्या. पण पहिलं कडवंही खरं राहिलं होतं आणि दुसरंही. आम्ही मोठी माणसं एकाला खरं ठरवायला दुसऱ्याला खोटं पाडतो. ही बारा वर्षांची पोर मधलं कडवं लिहून आणते! आणि मी काय केलं? मात्रा सुधारून वही परत दिली. शाबास म्हणायचं राहून गेलं. आज म्हणतो. सगळ्यांसमक्ष म्हणतो. शाबास, शरयू.

पाणी द्या कुणीतरी… हां, बस.

तर तिच्या टेबलाच्या दोन रीती होत्या, ज्या त्या इंग्रजी पुस्तकात नव्हत्या. एक म्हणजे मोल. ज्या दिवशी आपण पात्र घेतो, त्या दिवशी पानाच्या पुढच्या बाजूला शक्ती लिहायची, आणि मागच्या बाजूला त्या शक्तीचं मोल. ती शक्ती आपल्याकडून काय हिरावून घेते, ते. आपल्याच हाताने लिहायचं. दुसरी रीत, पानं बदलणं. दोन शक्तींचा तंटा कुठल्याच नियमाने सुटला नाही, तर दोघांनी आपापली पानं एकमेकांना द्यायची. मी तुझं पान घेऊन तुझ्या शक्तीची बाजू मांडायची, तू माझं घेऊन माझी. ज्याला समोरच्याची बाजू नीट मांडता आली नाही, त्याने सगळ्यांना चहा करायचा. तिवारीजींच्या हातचा चहा आम्ही पुष्कळ प्यायलोय.

आता शेवटचा रविवार. त्याला आज एक महिना होत आला.

गोष्टीत आम्ही एका कोठीपाशी पोचलो होतो. जगातल्या विसरलेल्या सगळ्या कविता त्या कोठीत ठेवलेल्या. सगळ्या. पाठ केलेल्या आणि मग हरवलेल्या. तुम्ही माझा विचार करा, मंडळी! मला तर फासा हातात धरवेना. पण गावकऱ्यांनी कोठी मुक्ताच्या राखणदाराकडे सोपवलेली, अमावास्येपर्यंत कुणाला आत सोडायचं नाही. आणि राखणदाराची शक्ती अशी, की ती ज्या दारात उभी असेल, त्या दारातून तिच्या मर्जीविना कुणीही आत जाऊ शकत नाही.

मी उभा राहिलो आणि कवन म्हटलं. तिथल्या तिथे रचलेलं.

वाट सरली, ऊन कलले, पाय थकुनी गेले,
उंबऱ्यापाशी उभा शाहीर, शब्द घेउनी ओले.

असं पुढे आणखी दोन कडवी. मुक्ताने पूर्ण ऐकलं. मग मी म्हटलं, "माझी विनंती, मला आत सोड."

"नाही."

"अगं, तू कवन ऐकलंस. तुला नाकारता येत नाही!"

"आणि तुम्हाला आत जाता येत नाही, सरआजोबा. माझी मर्जी नाहीये. रूल तो रूल है."

वही उघडली. दोन्ही शक्ती नेमक्या. दोन्हीकडे 'नाही'. पहिला नियम संपला, दुसरा संपला. मी आवाज चढवला. खोटं कशाला बोलू, चढवला. म्हणालो, "तुला कवितेचं काय कळतंय?" मुक्ताचा चेहरा उतरला. शरयूला त्या दिवशी खोकला होता. पाणी पिऊन ती म्हणाली, "पुढच्या रविवारी पानं बदला दोघं. आज दमले मी."

पुढच्या रविवारी ती दवाखान्यात होती.

मला कळलं तेव्हा मी घरी बसून ते कवन पुरं करत होतो. म्हटलं, तिला वाचून दाखवू. बरं वाटेल. वही घेऊन रिक्षाने गेलो. खोलीच्या दारात मुक्ता.

"सरआजोबा, नका जाऊ आत."

"पाचच मिनिटं. कवन पुरं झालंय, तेवढं वाचतो."

"आईने सांगितलंय, कुणी नाही."

"कुणी नाही म्हणजे मीसुद्धा?"

"कुणीच नाही."

मी तिथे पंधरा मिनिटं हुज्जत घातली, मंडळी. मी तिला शिकवलंय, म्हणालो. मी तिच्या बापाच्या जागी आहे, म्हणालो. शेवटी म्हणालो, "मुक्ता, हा खेळ नाहीये."

तिने माझ्याकडे बघितलं. "खेल होता तो छोड़ देती," ती म्हणाली. "त्यात पुढचा रविवार असतो."

मी निघालो. जिना उतरताना मनाशी म्हणत होतो, पोरगी टेबलावरचा राग काढतेय. हे मी म्हणत होतो. तीन दिवसांनी शरयू गेली. स्मशानात मी लांब उभा राहिलो. त्यानंतर इतक्या वेळा घरी गेलो, मुक्ताशी एक शब्द बोललो नाही.

परवा तिवारीजी माझ्याकडे आले. हातात पाकीट. "मास्साब, शरयू बहनजी की फाइल में था. आपका नाम लिखा है." पाकिटावर शरयूचं अक्षर. आत माझं पान नव्हतं. मुक्ताचं होतं. दवाखान्यात जायच्या आधी शरयूने पानं बदलून ठेवली होती. मुक्ताच्या नावाच्या पाकिटात माझं.

पुढची बाजू मला पाठ होती. तीन वर्षं त्याच शक्तीशी डोकं आपटलं होतं. मागची बाजू कधी बघितलीच नव्हती. दुसऱ्याच्या पानाची मागची बाजू कोण बघतं? उलटवलं. मुक्ताच्या अक्षरात एक ओळ.

"मोल : राखण चालू असेपर्यंत तिला स्वतःलाही आत जाता येत नाही."

मी पलंगावर बसलो. आणि मग मला माझं मोल आठवलं. हिरव्या शाईने लिहिलं होतं मी, झोकदार, स्वतःवर खूश होऊन. "मोल : शाहिराला स्वतःसाठी काहीही मागता येत नाही."

कोठीच्या दारात मी कुणासाठी मागितलं होतं? स्वतःसाठी. म्हणजे माझ्या विनंतीत जोरच नव्हता. मुक्ताला ती नाकारता येत होती. तंटा नव्हताच. शरयूला हे त्याच दुपारी ठाऊक होतं. चार शब्दांत मला गप्प करता आलं असतं. केलं नाही. सगळ्यांसमोर मास्तरांना उभं केलं नाही तिने. मी तिला केलं होतं. तिने पान माझ्या हातात दिलं, चूक मलाच शोधू दिली.

तर मंडळी, टेबलाच्या रीतीप्रमाणे आता मी राखणदाराची बाजू मांडतो. तिवारीजी, वहिनी, नीट ऐका. कमी पडलो तर चहा मी करीन.

राखणदार दारात उभी होती. आठ दिवस उभी होती. तिच्या आईला धाप लागायची, शब्द फुटायचे नाहीत, आणि जिने जन्मभर लोकांचं ऐकून घेतलं, तिला लोकांनी आपल्याला तसं बघू नये असं वाटत होतं. तो तिचा हक्क होता. तो हक्क सांभाळायला कुणीतरी दारात उभं राहायला हवं होतं. शेजारी आले, नातेवाईक आले, फळं घेऊन आले, उपाय घेऊन आले, एक मास्तर कवन घेऊन आला. प्रत्येकाला ती नाही म्हणाली, आणि प्रत्येक 'नाही'ला ती बाहेर होती. आत आई होती, आणि ती बाहेर होती. कवन ऐकून तिला पाझर फुटला नाही, असं मी समजलो. अहो, पाझर फुटूनही जी हलली नाही, ती राखणदार! मी तिच्याकडे पाच मिनिटं मागितली आणि पंधरा घेतली. ती पंधरा मिनिटं तिच्या आईजवळची होती. ती मी परत देऊ शकत नाही.

कवितेचं काय कळतंय, असं मी तिला म्हणालो होतो. मुक्ता, ते शब्द मी मागे घेतो. इतक्या लोकांत म्हणालो नव्हतो, पण इतक्या लोकांत मागे घेतो. तुझ्या आईच्या वहीतलं सगळ्यांत अवघड कडवं तू म्हणून दाखवलंस. मला तुझा अभिमान वाटतो. तिला किती वाटला असेल, ते ती बोलून गेली नाही, पण पाकिटं तयार करून गेली.

निकाल मी वाचतो. शरयूच्या वतीने, तिच्या परवानगीशिवाय. कोठीचं दार बंद राहील. शाहीर उंबऱ्याबाहेर बसेल आणि तिथूनच गाईल. आतल्या कवितांना ऐकू जाईल. दोन्ही पानं खरी राहतील.

आता एकच गोष्ट, मग थांबतो.

मघापासून मी बघतोय. सभा सुरू झाल्यापासून मुक्ता या हॉलच्या दाराशी उभी आहे. येणाऱ्याला नमस्कार करतेय, चपला सरकवतेय, कुणाला खुर्ची दाखवतेय. एकदाही आत येऊन आईच्या फोटोसमोर बसलेली नाही. इतक्या दिवसांत कधी बसली असेल, असं मला वाटत नाही.

मुक्ता, तुझं पान माझ्याजवळ आहे. हे बघ, खिशात. तंटा मिटला की पानं परत करायची असतात, ठाऊक आहे मला. पण आजचा दिवस ते मी ठेवून घेतो. म्हणजे आज राखणदार मी आहे. मोलासकट. शाहिराचं पान तुझ्याकडे, आणि शाहिराला स्वतःसाठी मागता येत नाही, म्हणून तू मागणार नाहीस. मागू नकोस. राखणदाराची मर्जी लागते ना? माझी मर्जी आहे. ते दार सोड. आत ये. आईजवळ बस.

तिवारीजी, चला, तुम्ही आणि मी दाराशी जाऊ. वहिनी, तिला जागा करून द्या.

मंडळी, आपण सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. कुणी आलं तर आम्ही बघतो.